आहारशुद्धी, आतड्यांतील जीवाणू आणि स्थूलता
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच आत्मपरीक्षणाचाही प्रसंग असतो. बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांनी जालन्याचे नाव दूरवर नेले. समाजाच्या घरी सुबत्ता आली. परंतु त्याच घरांत मधुमेह, रक्तदाब आणि सुटलेले पोट पाहुणे म्हणून आले आणि घरचेच होऊन राहिले. मद्य नाही, मांस नाही, कंदमूळ नाही, अनेकांना रात्रिभोजनही वर्ज्य. मग हे आजार आले कोठून?

उत्तराचा एक भाग पुण्यात सापडतो. तेथील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा दोघांचा निर्देशांक एकच, 22.3. मात्र डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! एकाच वजनाचे दोन ताके, पण सूत निराळे. म्हणून भारतीयाने केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर, म्हणजे एका वारापेक्षा किंचित कमी, आणि स्त्रीची 80 सेंटिमीटर ही मर्यादा ओलांडली की सावध व्हावे.

उत्तराचा दुसरा भाग पोटात आहे. मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणू वास करतात. ज्वारी-बाजरीचा कोंडा, डाळींची टरफले, भाज्या व फळे यांतील जो तंतुमय भाग माणसाला पचत नाही, तो हे जीवाणू आंबवितात. त्यातून तयार होणारी आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि तृप्तीची जाणीव देणाऱ्या संप्रेरकांना चालना देतात. तंतू मिळाले नाहीत, तर या उपयुक्त जीवाणूंची उपासमार होते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व सहकाऱ्यांच्या अभ्यासांत भारतीयांच्या आतड्यांत 'प्रिव्होटेला' हा जीवाणू मुबलक आढळला. धान्य-भाज्यांच्या आहाराशी त्याचा संबंध जोडला जातो.

अमेरिकेत 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जुळ्या बहिणींपैकी एक स्थूल, दुसरी सडपातळ, अशा जोड्यांचे जीवाणू उंदरांना दिले असता स्थूल बहिणीचे जीवाणू मिळालेल्या उंदरांत चरबी अधिक वाढली. त्यांना दुसऱ्या उंदरांसोबत ठेवल्यावर ती वाढ रोखली गेली, परंतु आहार तंतुमय व कमी चरबीचा असेल तेव्हाच. अहिंसाव्रती समाजाला प्राण्यांवरील प्रयोग रुचणारे नाहीत. तसेच उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होतात, असेही नाही. स्थूलतेस आनुवंशिकता, बैठे काम, निद्रा अशी अनेक कारणे आहेत. तरीही ताटातील अन्नावर आतड्यांतील जीवाणूंचे स्वरूप अवलंबून असते, एवढे निश्चित.

आता जैन स्वयंपाकघराकडे पाहावे. कांदा-लसूण हे तंतूंचे चांगले स्रोत येथे नाहीत. चातुर्मासात पालेभाजी आणि तिथीला हिरवी भाजी अनेक घरांत नसते. ही उणीव पूर्वी ज्वारीची भाकरी, मूग, मटकी, हरभरा भरून काढीत असत. आज त्यांच्या जागी मैदा, शेव, फरसाण आणि मिठाई आली. शास्त्राच्या दृष्टीने हे पदार्थ भक्ष्य असतील, पण भक्ष्य म्हणजे आरोग्यदायी नव्हे. मोसंबीच्या जिल्ह्यात राहून तिचा गाळलेला रस साखर घालून प्यावा आणि तंतू फेकून द्यावेत, हेही तसेच.

आणखी एक गंभीर बाब. ब-12 हे जीवनसत्त्व केवळ जीवाणूच तयार करतात. मोठ्या आतड्यात ते तयार झाले तरी त्याचे शोषण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होत असल्याने माणसाला त्याचा लाभ जवळजवळ मिळत नाही. शाकाहारी व्यक्तीला मुख्यतः दूध-दह्याचाच आधार. पुण्याजवळील सहा गावांत 1993 पासून डॉ. याज्ञिक यांच्या पथकाने गरोदर मातांचा अभ्यास केला. ब-12 कमी आणि फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. अर्थात सुनेच्या आणि लेकीच्या ताटाची काळजी ही पुढच्या पिढीची काळजी आहे. रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेण्यात कमीपणा मानू नये.

आधुनिक विज्ञान शास्त्रांत आधीच लिहिलेले होते, असा दावा करण्याचे कारण नाही. तपाचे प्रयोजन कर्मनिर्जरा आहे, वजन घटविणे नव्हे. तथापि ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी, आणि रसपरित्याग म्हणजे तूप, तेल, गोड, तळीव यांचा संयम. ही बाह्य तपे नित्य आचरली तर देहालाही उपकारक ठरतात. मात्र अठ्ठाईनंतर मिष्टान्नाचे पारणे करणे, किंवा मधुमेहाच्या रुग्णाने औषधांविषयी न विचारता उपवास करणे हितावह नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने दोन संकल्प करावेत. साधर्मिक वात्सल्याच्या जेवणात पाच मिठायांऐवजी एकच ठेवून ज्वारीची भाकरी आणि एक कडधान्य सन्मानाने वाढावे. आणि विवाहयोग्य व गरोदर भगिनींसाठी ब-12 तपासणीचे शिबिर भरवावे. भव्य वास्तू पन्नास वर्षांत उभी राहिली. पुढील पन्नास वर्षे ती निरोगी पावलांनी गजबजावी, हीच मंगल भावना.

जय जिनेंद्र!