बंदी आणि बांधिलकी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



साथ आली की सरकार बाजार, शाळा, एस.टी., लग्ने, यात्रा बंद करते. हे योग्य की अयोग्य, यावर मी बोलावे अशी अध्यक्षांची सूचना आहे. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बंदी घालणारे सरकार त्या बंदीत अडकलेल्या माणसाची जबाबदारी घेते की नाही?

थोडे मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यात पसरला. इंग्रज सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा कायदा! सरकारला हवा तो उपाय करण्याचा अधिकार, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आणि अंमल करणाऱ्याला संरक्षण, एवढेच त्यात होते. घरातून उचललेल्या रोग्याच्या पोटाचे आणि त्याच्या कुटुंबाचे काय, याबद्दल एक अक्षर नव्हते. पुण्यात रँडच्या अंमलाखाली सोजीर घराघरांत शिरले. लोक भ्याले, रोगी लपवू लागले. जून १८९७ मध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच पुण्यात क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होते. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोगी वेगळा ठेवावा लागतो, हे रँडला कळत होते आणि माईंनाही. फरक एवढाच की एकाने तो सोजिरांकरवी उचलला, दुसरीने स्वतःच्या पाठीवर घेतला.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्रात लागू झाला. २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा झाली आणि बारा वाजता देश बंद! त्या वेळी लस नव्हती, खाटा अपुऱ्या होत्या. माणसांचा संपर्क तोडून वेळ मिळवणे भाग होते. आपल्या समाजानेही ते ओळखले. १४ एप्रिलला मिरवणूक नाही, डी.जे. नाही, घरोघरी बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून जयंती झाली. धाक नसतानाही जो नियम पाळला जातो, तोच खरा पाळला जातो.

पण ज्याचे घरच दूर होते, त्याने घरी कसे बसावे? आपल्या धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याने डोक्यावर बोचके, कडेवर लेकरू घेऊन माणसे चालत होती. काम गेलेले, रेशनकार्ड गावी राहिलेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडे निघाले, तिथून गाडी मिळेल या आशेने. गाड्या बंद आहेत असे समजून ते थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण ठार झाले. रुळांवर त्यांच्या भाकरी विखुरल्या होत्या. ज्या भुसावळला आपण सहज जातो-येतो, तिथपर्यंत ते पोहोचू शकले नाहीत. त्यांना कोरोनाने मारले नाही, हे ध्यानात ठेवा.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य आले, शिवभोजन थाळी पाच रुपयांना झाली, १ मेपासून श्रमिक गाड्या सुटल्या. पण बंदी चार तासांत आली आणि गाडी यायला पाच आठवडे लागले. दुःख आहे ते या अंतराचे.

विद्यार्थी मित्रांनो, संविधानाच्या १९ व्या कलमाने संचाराचे स्वातंत्र्य दिले आहे आणि लोकहितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही दिली आहे. ‘वाजवी’ हा शब्द विसरू नका. त्याच्याच शेजारी जीविताचा हक्क देणारे २१ वे कलम आहे. म्हणून पुन्हा बंदी आली तर ती जरूर पाळा. पण विचारा, ती किती दिवसांची? रोज कमावून खाणाऱ्याची चूल कशी पेटेल? सातपुड्याच्या पाड्यावरच्या, मोबाईल नसलेल्या मुलाने कसे शिकावे? चूक झाली तर दाद कुठे मागावी? असे विचारणे म्हणजे बेशिस्त नव्हे, ते नागरिकाचे कर्तव्य आहे.

संस्थेच्या सभासदांनाही एक विनंती आहे. आपल्या वस्तीत एकटे म्हातारे कोण, भाड्याने राहणारे परगावचे मजूर कोण, रेशनकार्ड नसलेले कोण, याची वही आजच तयार करा. साथ आल्यावर वही करायला वेळ मिळत नाही.

दार बंद करण्याचा हुकूम कोणीही काढू शकतो. त्या दारापुढे धान्य आणि औषध ठेवतो, तोच कल्याणकारी.