पुतळा आणि तुणतुणं

'पिंजरा' मी पहिल्यांदा पाहिला तो मलकापुरात, अम्मीच्या शेजारी बसून. चित्रपट १९७२चा, आम्ही पाहिला तो पुढे कधीतरी, पुन्हा लागला तेव्हा. घरात उर्दू, शाळेत मराठी असं आमचं होतं, पण व्ही. शांतारामांचे गुरुजी कळायला अम्मीला काही अडचण आली नाही.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. आदर्श गुरुजी तमाशाला गावातून हाकलतात. दुखावलेली चंद्रकला त्यांनाच फडावर तुणतुणं धरायला लावायचा पण करते. फसवता फसवता मात्र स्वतःच त्यांच्यात गुंतते. लोकांना संध्याबाईंचं नृत्य आठवतं. मला आठवतो, सूड विसरत चाललेला त्यांचा चेहरा.

गेल्या वर्षी भाच्याने लॅपटॉपवर रोबेर ब्रेसाँचा १९४५चा एक फ्रेंच चित्रपट दाखवला, 'ले दाम द्यु ब्वा द बुलोन्य'. त्यातही सूड आणि नाचणारी मुलगी आहे. प्रियकराचं मन उडालंय हे कळल्यावर एलेन नावाची श्रीमंत बाई एका नर्तकीला घरंदाज म्हणून त्याच्यासमोर आणते, दोघांचं लग्न लागू देते आणि मग सत्य सांगते. संवाद ज्याँ कॉक्तोचे; एकही वाक्य जादा नाही. शेवटी नवरा खोलीत परततो आणि कोसळलेल्या बायकोला म्हणतो, जाऊ नकोस. फसवणूक उघडी पडल्यावरही प्रेम उरतं.

आपल्या गुरुजींना तेवढी मुभा नाही. ते मेले असं समजून गाव त्यांचा पुतळा उभारतं. पुढे त्यांच्याच खुनाचा आरोप त्यांच्यावर येतो, तरी ते ओळख सांगत नाहीत. गावाचा आदर्श भंगू नये म्हणून फाशी पत्करतात. डॉ. श्रीराम लागूंनी ते असं उभं केलंय, की थिएटरात लोक रडत होते. अम्मी रडली नाही. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "तो मेला कुणासाठी? पुतळ्यासाठी? आणि त्या बाईचं काय?"

मी वैतागलो होतो. त्या वयात मला गुरुजीच थोर वाटायचे.

पुढे आमच्या नात्यातले एक वडीलधारे वारले. मोठा मान होता त्यांना. जनाजा निघाला तेव्हा रस्त्यापलीकडे एक बाई पदर तोंडाशी धरून उभी होती. ती कोण, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मीही नाही. फक्त अम्मी दारातून उठली, पाण्याचा तांब्या घेऊन रस्ता ओलांडून गेली.