कोठडीतला एक फोन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतेय. बोलताना जशी बोलले तशीच ठेवलीय भाषा, थोडीफार साफसफाई केलीय एवढंच.

सुरुवातीला एक सूचना. ऑस्ट्रेलियात मूलनिवासी माणसांबद्दलच्या कार्यक्रमाआधी सांगतात की यात मृत व्यक्तींचा उल्लेख आहे. तिथल्या बऱ्याच अ‍ॅबोरिजिनल समाजांत, माणूस गेल्यावर त्याचं नाव घेणं काही काळ टाळतात. आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यातल्या एकीला मी फक्त 'मिस धू' म्हणणार आहे, कारण तिच्या घरच्यांनीच तसं सांगितलंय. आणि विषय जड आहे. झोपायच्या आधी ऐकत असाल तर उद्या ऐका.

तर, २०१४ सालचा ऑगस्ट महिना. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला साउथ हेडलंड नावाचं गाव आहे, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातलं. तिथल्या पोलीस लॉकअपमध्ये २२ वर्षांची एक यामाजी मुलगी होती. गुन्हा काय? दंड भरले नव्हते. साधारण ३,६०० डॉलर थकले होते. पोलीस घरी आले होते घरगुती हिंसेच्या प्रकरणात, आणि आत गेली ती, थकलेल्या दंडापायी. तिची बरगडी आधीच मोडलेली होती, त्यात जंतुसंसर्ग झालेला. ती दुखतंय दुखतंय म्हणून ओरडत होती. तीन दिवसांत तिला तीनदा दवाखान्यात नेलं. पहिल्या दोन वेळा 'कोठडीत ठेवायला हरकत नाही' म्हणून परत पाठवलं. पोलिसांना वाटत होतं ही नाटक करतेय. तिसऱ्यांदा, ४ ऑगस्टला, तिला अक्षरशः ओढत, उचलत गाडीत घातलं. ती वाचली नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता, सेप्सिस.

आता त्याच महिन्यात, तिथून खूप लांब, पापुआ न्यू गिनीमधलं मानुस बेट. ऑस्ट्रेलियाकडे बोटीने आलेल्या निर्वासितांना ऑस्ट्रेलिया सरकार या बेटावर नेऊन ठेवत होतं. तिथे हमीद खजाई नावाचा २४ वर्षांचा इराणी तरुण होता. पायाला साधी जखम झाली, ती चिघळली, ताप चढला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला बेटावरून हलवा म्हणून विनंती केली. पण मंजुरी यायची होती कॅनबेरातल्या सरकारी कचेरीतून. ई-मेल गेले, प्रश्न आले, वेळ गेला. शेवटी त्याला पोर्ट मोर्सबीला आणि मग ब्रिस्बेनला नेलं तेव्हा उशीर झाला होता. ५ सप्टेंबर २०१४ ला तो गेला. कारण तेच, सेप्सिस.

दोन्ही प्रकरणांत कॉरोनरची चौकशी झाली. कॉरोनर म्हणजे संशयास्पद किंवा कोठडीतल्या मृत्यूचं कारण शोधणारा न्यायाधिकारी. आपल्या मुंबईतही १९९९ पर्यंत ही व्यवस्था होती. मिस धूच्या प्रकरणात २०१६ मध्ये कॉरोनर म्हणाल्या की पोलिसांची वागणूक अमानुष होती. हमीदच्या प्रकरणात २०१८ मध्ये कॉरोनर म्हणाले की हा मृत्यू टाळता आला असता.

एक तिथली मूळची, हजारो वर्षं त्या जमिनीवर राहिलेल्या लोकांतली. दुसरा काल-परवा बोटीतून आलेला. दोघांना मारायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. पण दोघंही अशा जागी होते जिथे आजारी माणूस स्वतः उठून डॉक्टरकडे जाऊ शकत नाही. तुम्हाला-मला ताप आला तर आपण फोन उचलतो, रिक्षा बोलावतो, आईला सांगतो. कोठडीत हे सगळं दुसऱ्याच्या हातात असतं. आणि त्या दुसऱ्याने आधीच ठरवलं असेल की 'हे लोक असेच असतात', तर संपलंच. म्हणून आजचा भाग मी एका साध्या गोष्टीभोवती बांधलाय : कोठडीतून बाहेर जाणारा फोन.

आधी थोडा इतिहास. १९८३ मध्ये रोबर्न गावात जॉन पॅट नावाचा १६ वर्षांचा अ‍ॅबोरिजिनल मुलगा पोलीस कोठडीत मेला. पोलिसांवर खटला झाला, सगळे सुटले. देशभर संताप झाला, असे आणखी मृत्यू पुढे आले, आणि १९८७ मध्ये सरकारने रॉयल कमिशन नेमलं. कमिशनने १९८० ते १९८९ मधल्या ९९ मृत्यूंचा तपास केला आणि १९९१ मध्ये ३३९ शिफारशी दिल्या.

त्यातला एक निष्कर्ष नीट ऐका, कारण तो आपल्या अंदाजाच्या उलट आहे. कोठडीत गेल्यावर अ‍ॅबोरिजिनल माणूस मरण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त नव्हतं. मग मृत्यू एवढे का? कारण मुळात त्यांना आत टाकण्याचं प्रमाणच प्रचंड होतं. आजही बघा : देशाच्या लोकसंख्येत मूलनिवासी ४ टक्क्यांच्या आत आहेत, आणि तुरुंगातल्या कैद्यांत साधारण एक तृतीयांश. म्हणून कमिशनने सांगितलं, तुरुंग हा शेवटचा उपाय ठेवा. दंड थकला, दारू पिऊन रस्त्यावर झोपला, असल्या कारणांसाठी माणसं आत टाकू नका.

सांगितलं १९९१ मध्ये. मिस धू दंडासाठी आत गेली २०१४ मध्ये. आणि डिसेंबर २०१७ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात टान्या डे नावाची ५५ वर्षांची योर्टा योर्टा बाई एचुकाहून मेलबर्नला निघाली होती. गाडीत तिला झोप लागली. दारू प्यायलेली होती, पण कोणाला त्रास देत नव्हती. पोलिसांना बोलावलं गेलं, कॅसलमेन स्टेशनवर उतरवलं, सार्वजनिक ठिकाणी नशेत असल्याबद्दल कोठडीत टाकलं. कोठडीत ती पडली, डोक्याला मार लागला, आणि बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. १७ दिवसांनी ती गेली. तिच्या मुलांनी नंतर लढा दिला, आणि व्हिक्टोरियात सार्वजनिक ठिकाणी नशेत असणं हा गुन्हा राहिला नाही तो ७ नोव्हेंबर २०२३ पासून. शिफारस आली तेव्हा जन्मलेलं मूल तोवर ३२ वर्षांचं झालं होतं. मेलबर्नमध्ये आपली बरीच मराठी पोरं शिकतात, नोकरी करतात. तुमच्यापैकी कोणी तिथून ऐकत असेल तर हा बदल तुमच्या डोळ्यांदेखत झालाय.

आता फोनकडे येऊ. न्यू साउथ वेल्स राज्यात २००० सालापासून एक सेवा चालते. पोलिसांनी अ‍ॅबोरिजिनल माणसाला अटक केली की त्यांनी अ‍ॅबोरिजिनल लीगल सर्व्हिसला फोन करायचाच, रात्री तीन वाजले असले तरी. पलीकडे वकील असतो. तो कायदेशीर सल्ला देतो, पण त्याआधी विचारतो, 'बरं आहे ना? कुठे लागलंय का? औषधं चालू आहेत का? जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का?' काही गडबड वाटली तर तो पोलिसांना सांगतो, घरच्यांना कळवतो.

हे ऐकायला किती साधं वाटतं ना? पण यामुळे दोन गोष्टी होतात. आतल्या माणसाला कळतं की आपण इथे आहोत हे बाहेर कोणालातरी माहीत आहे. आणि ठाणेदारालाही कळतं की बाहेर कोणालातरी माहीत आहे. मिस धूच्या राज्यात तेव्हा अशी सेवा नव्हती. कॉरोनरने शिफारस केल्यावर ती २०१८ मध्ये सुरू झाली. आणि थकलेल्या दंडासाठी सरसकट तुरुंगात टाकणं तिथे २०२० मध्ये कायद्याने थांबलं.

निर्वासितांकडे मात्र असा सरकारी फोन नव्हता. त्यांच्याकडे होते स्वतःचे मोबाईल, बरेचसे चोरून आत आणलेले. बेहरूझ बूचानी हा इराणमधला कुर्द पत्रकार मानुस बेटावर वर्षानुवर्षं अडकून होता. त्याने फारसी भाषेत अख्खं पुस्तक मोबाईलवर टाइप केलं आणि मेसेज करत करत बाहेर पाठवलं. २०१९ मध्ये त्या पुस्तकाला ऑस्ट्रेलियातला एक लाख डॉलरचा साहित्य पुरस्कार मिळाला, तोही लेखकाला देशात पाऊल ठेवायची परवानगी नसताना! आणि पॉडकास्टवाल्यांसाठी खास गोष्ट : सुदानचा निर्वासित अब्दुल अझीझ मुहामत याने त्याच बेटावरून मेलबर्नच्या एका पत्रकाराला हजारो व्हॉइस मेसेज पाठवले. त्यातून 'द मेसेंजर' नावाचा पॉडकास्ट झाला. आपण 'आवाज येतोय का?' म्हणून मेसेज टाकतो, तसेच मेसेज. फक्त पलीकडे तारेचं कुंपण.

मग सरकारला वाटलं, हे फोनच काढून घ्यावेत. ऑस्ट्रेलियातल्या डिटेन्शन सेंटरमध्ये सरसकट फोनबंदी बेकायदा आहे असं २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं. मग सरकारने कायदाच बदलायला घेतला. २०२० मध्ये ते विधेयक सिनेटमध्ये अडलं, कारण जॅकी लॅम्बी या एका सिनेटरने पाठिंबा दिला नाही. एका मतावर शेकडो लोकांचे फोन वाचले.

आता या विषयातला सगळ्यात अवघड भाग. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून नियम आहे : व्हिसाशिवाय आलेल्याला कोठडीत ठेवायचंच. किती दिवस? त्याला मर्यादा नाही. २००४ मध्ये अहमद अल-कातेब नावाच्या माणसाचा खटला हाय कोर्टात गेला. तिथलं हाय कोर्ट म्हणजे देशातलं सर्वोच्च न्यायालय, बरं का. हा कुवेतमध्ये जन्मलेला पॅलेस्टिनी, कोणत्याच देशाचा नागरिक नाही, म्हणून परत पाठवायलाही जागा नाही. कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, कायद्याप्रमाणे त्याला बेमुदत ठेवता येतं. आजन्म, गुन्हा न करता.

हा निकाल उलटला ८ नोव्हेंबर २०२३ ला. म्हणजे व्हिक्टोरियात तो नशेचा गुन्हा रद्द झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. यावेळचा अर्जदार म्यानमारचा रोहिंग्या होता, तोही कुठल्याच देशाचा नागरिक नसलेला. पण तो अल-कातेबसारखा निर्दोष नव्हता. त्याने एका मुलावर लैंगिक अत्याचार केला होता आणि त्याची शिक्षा भोगून झाली होती. निकालानंतर साधारण दीडशे लोक सुटले, त्यातल्या बऱ्याच जणांवर गुन्हे होते. देशात गदारोळ झाला.

मला माहितीय, तुमच्यापैकी काही जण म्हणतील, 'अशा माणसाला कसले आलेत हक्क?' मलाही त्या माणसाबद्दल अजिबात प्रेम नाही. पण प्रश्न त्याच्याबद्दल प्रेम आहे की नाही हा नाहीच. शिक्षा कोर्टाने दिली, त्याने ती भोगली. तोच गुन्हा नागरिकाने केला असता तर तो शिक्षा संपल्यावर घरी गेला असता. त्यानंतरची कैद कोर्टाने दिलेली नव्हती, खात्याने दिलेली होती. आणि शिक्षा म्हणून कोंडणं हे कोर्टाचं काम आहे, मंत्र्याचं किंवा कारकुनाचं नाही. नजीकच्या काळात परत पाठवण्याची खरी शक्यताच नसेल तर कोंडून ठेवणं ही शिक्षाच झाली, असं सातही न्यायाधीशांनी एकमताने ठरवलं. सरकारला खात्यामार्फत माणूस बेमुदत कोंडता येऊ लागला तर ती सवय वाईट माणसापाशी थांबत नाही. अल-कातेब कोण होता आठवा.

आता आपल्याकडे येते, थोडक्यात. जन्मावरून संशय घ्यायचा ही रीत आपल्याला नवी नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण चोरी झाली की आधी पारध्यांची पालं झडायची ही सवय कायद्याबरोबर गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलं असेल तर मला वेगळं सांगायला नको.

पण आपल्याकडेही 'तो फोन' आहे, आणि तोही कोठडीतल्या मृत्यूंतूनच आलाय. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू यांनी वर्तमानपत्रातल्या अशा बातम्या पाहून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९९६ मध्ये ११ नियम घालून दिले. त्यातले काही आज पाठच करून ठेवा. अटक झाली की नातेवाइकाला किंवा मित्राला कळवलं गेलं पाहिजे. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरांची तपासणी झाली पाहिजे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता आलं पाहिजे, अगदी पूर्ण वेळ नाही तरी. आणि राज्यघटनेचं कलम २२ सांगतं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायलाच हवं. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा नंबर आहे. आत्ता, हा भाग चालू असतानाच, सेव्ह करा.

आणि समजा तुमच्या ओळखीच्या कोणाला उचललं, तर 'त्याने काहीतरी केलंच असेल' हा विचार बाजूला ठेवून आधी तीन गोष्टी विचारा : कुठल्या ठाण्यात आहे, किती वाजता नेलं, तब्येत कशी आहे. वेळ लिहून ठेवा. त्याने काय केलं ते कोर्ट बघेल. तो जिवंत कोर्टापर्यंत पोहोचतोय ना, एवढं आपण बघायचं.

ऑस्ट्रेलियात १९९१ नंतर ५०० हून जास्त मूलनिवासी माणसं कोठडीत गेलीयत. ३३९ शिफारशी छापून कपाटात होत्या तेव्हाही. ज्या थोड्या अमलात आल्या त्या बहुतेक वेळा कोणाच्या तरी आईने, मुलीने, भावाने वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यामुळे आल्या.

आज एवढंच. प्रश्न असतील तर नेहमीच्या नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही घेऊ. भेटूच. काळजी घ्या, आणि रात्री-अपरात्री कोणाचा फोन आला तर उचलत जा.