रक्तातील विषहारक विकर आणि फवारणीचा मजूर



आपल्या कळंब भागात पिकावर फवारणी करण्याला ‘औषध मारणे’ म्हणतात. शब्द सोयीचा आहे. परंतु डब्यात असते ते विष. शेतमजुरांत संघटनेचे काम करताना आणखी एक वाक्य आम्ही नेहमी ऐकतो : ‘तो रोज औषध मारतो, त्याला सवय आहे, त्याला काही होत नाही.’ हे वाक्य कितपत खरे आहे, हे आज आपण विज्ञानाला विचारणार आहोत. आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर नव्हे. जे वाचून समजले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

क्लोरपायरीफॉस हे नाव आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. ते फॉस्फरसयुक्त सेंद्रिय विषांपैकी एक. अंगावर उडालेले हे द्रावण कातडीतून आत शिरते. यकृत त्याची विल्हेवाट लावू पाहते. पण त्या खटपटीत ते आधी मूळच्यापेक्षा कितीतरी जहाल रूप धारण करते. हे जहाल रूप मज्जातंतूंच्या टोकाशी असलेल्या एका विकराला, म्हणजे डॉक्टर ज्याला एन्झाइम म्हणतात त्याला, जखडून टाकते. मज्जातंतूने स्नायूला दिलेला हुकूम काम होताच रद्द करणे हे त्या विकराचे काम. ते थांबले म्हणजे हुकूम सुटतच राहतात. लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वास अडतो.

निसर्गाने या वाटेवर एक पहारेकरी ठेवला आहे. त्याचे नाव पॅराऑक्सोनेज. हे विकर यकृतात तयार होते आणि ज्याला डॉक्टर ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतात, त्याच्या कणांना चिकटून रक्तातून फिरते. जहाल रूप मज्जातंतूपर्यंत पोचण्यापूर्वी ते त्याचे दोन तुकडे करते.

हा पहारेकरी दिसतो कसा? साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. दोऱ्याभोवती खडीसाखर धरते, तसे विकराचे स्फटिक धरवावे लागतात. स्फटिकात अब्जावधी रेणू एकाच शिस्तीने रचलेले असतात. त्यांवर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांनी विखुरतात आणि त्या ठिपक्यांवरून गणिताने रेणूचा आकार काढता येतो. १९१२ साली जर्मनीत लाऊए यांच्या कल्पनेवरून हा प्रयोग झाला आणि पुढे इंग्लंडमधील ब्रॅग पिता-पुत्रांनी त्याचे शास्त्र बनवले.

पॅराऑक्सोनेजचे स्फटिक मात्र सहजी धरेनात, कारण माणसाच्या रक्तातला हा रेणू चरबीला घट्ट बांधलेला. तेव्हा इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी माणूस, ससा, उंदीर आणि घूस यांसारख्या प्राण्यांच्या जनुकांची सरमिसळ केली, जिवाणूंकडून नवे विकर करवून घेतले आणि त्यांतून स्फटिकास योग्य असे एक निवडले. त्याची रचना २००४ साली प्रसिद्ध झाली. ती हुबेहूब मानवी रेणूची नसली तरी त्याच्या अगदी जवळची आहे.

काय दिसले? सहा पात्यांचा पंखा. पंख्याच्या मध्यभागी एक बोगदा आणि त्यात कॅल्शियमचे दोन अणू. एक अणू आत खोल बसून सारा सांगाडा धरून ठेवतो. दुसरा वरच्या खोबणीच्या तळाशी असतो. तो विषाच्या रेणूला पकडून धरतो आणि तेथेच पाण्याच्या साहाय्याने विषाचा सांधा तुटतो. कॅल्शियम काढून घेतले की विकराचे काम बंद पडते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. हा पंखा कीटकनाशकासाठी घडलेलाच नाही. लॅक्टोन नावाच्या निराळ्या पदार्थांना तोडणे हे त्याचे मूळ काम असावे, असे २००५ सालच्या संशोधनातून पुढे आले. फॉस्फरसची ही विषे माणसाने कीटक मारण्यासाठी बनवली ती १९३० नंतर. ती तोडणे हे या विकराचे जोडकाम होय, आणि सर्वच विषे त्याला सारखी तुटत नाहीत. ज्या पॅराऑक्सॉनवरून त्याला नाव मिळाले, त्या विषाच्या बाबतीत हे विकर नसलेले उंदीर इतर उंदरांपेक्षा अधिक बळी पडले नाहीत. क्लोरपायरीफॉसच्या जहाल रूपाला मात्र ते लवकर बळी पडले.

शिवाय हा पहारा सर्वांना सारखा नाही. रेणूच्या साखळीतील १९२ व्या जागी कोणता घटक आहे, यावर त्याचा वेग बदलतो आणि रक्तातील त्याचे प्रमाण माणसामाणसांत दहापटींहून अधिक भिन्न असते. हे कपाळावर लिहिलेले नसते. पिळदार अंगाच्या गड्याचा पहारा दुबळा असू शकतो. नवजात बाळात तर तो फारच थोडा असतो. म्हणून फवारणीचे कपडे बाळाच्या लंगोटांबरोबर धुऊ नयेत.

मग ‘सवय’ म्हणजे काय? मज्जातंतूचे विकर एकदा जखडले की नवे तयार व्हायला आठवडे लागतात. रोजच्या फवारणीत ही शिल्लक हळूहळू आटते आणि माणूस वरून धडधाकट दिसतो. एके दिवशी थोडेसेच विष पुरेसे होते. ज्याला आपण सवय म्हणतो ती पुष्कळदा ही आटणारी शिल्लक असते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो इस्पितळात गेले. शासनाने त्यानंतर काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. त्या वेळीही ‘मजुरांनीच काळजी घेतली नाही’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. हातमोजे, मुखवटा, अंगभर कपडे, साबण आणि पाणी हे कामाचे साहित्य आहे. रोजाने सांगितलेल्या मजुराने ते स्वतःच्या मजुरीतून आणावे, ही अपेक्षा न्यायाची नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांत संरक्षक कपड्यांची व वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. आमच्या अनुभवात ती मांजरेकाठच्या सोयाबीनच्या शेतापर्यंत क्वचितच पोचते.

म्हणून आमची विनंती अशी. जो पंप पाठीवर देतो, त्याने साहित्यही द्यावे. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून कोणाला फवारायला लावू नये. मळमळ, घाम, अंधारी आली की काम थांबवून, कपडे उतरवून, अंग साबणाने धुऊन माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि विषाचा डबा बरोबर न्यावा. डॉक्टरांना उपचार ठरवायला त्याचा उपयोग होतो. आणि फवारणीच्या हंगामात मजुरांच्या रक्ताची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, ही मागणी आपण सर्वांनी मिळून करावी.

रक्तातल्या त्या पहारेकऱ्याच्या भरवशावर कोणाला शेतात पाठवू नये, एवढेच आज सांगायचे होते.