विद्यार्थी आणि संगणकावरील देवनागरी



श्रुतपंचमीस शास्त्रांचे पूजन होते, ग्रंथांना नवी वेष्टने घातली जातात. मूडबिद्री येथील ताडपत्रांवरील ‘धवला’ टीकेच्या नकला झाल्या, म्हणूनच १९३९ साली अमरावतीहून तिचा पहिला खंड मुद्रित होऊ शकला.

संगणकावरील नक्कल मात्र डोळ्यांना शुद्ध दिसूनही फसवी ठरते. जुन्या छपाईच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसविलेली असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर स्तोत्राऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. १९९१ साली आलेल्या युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५, आणि तो सर्वत्र तोच!

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांस एवढे ज्ञान अवश्य द्यावे. मोबाईलवर रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्या मुलांना इनस्क्रिप्ट कळफलक अवघड नाही. स्वर व मात्रा डाव्या हाताखाली, व्यंजने बहुतांशी उजव्या.

ट्रस्टच्या जुन्या फाइली हीच मुले युनिकोडमध्ये आणू शकतील. मूळ प्रतीशी ताळा मात्र जाणत्या वडीलधाऱ्यांनीच पाहावा. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे अनेकदा बिघडतात.