जिवावर उदार, पण कोणाच्या?

(घोलवड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेपर्वाई सांगणाऱ्या शब्दांची मराठीत वाण नाही. निष्काळजी, हलगर्जी, बेफिकीर, बेदरकार, अविचारी, आततायी, आणि त्यांच्या शेजारीच नांदणारे धाडसी व साहसी. वृत्तपत्रांत आणि भाषणांत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांच्यातील भेद हा केवळ कोशकारांच्या जिज्ञासेचा विषय नव्हे. कोणाला कोणता शब्द चिकटवला जातो, यावर कधी माणसाची मजुरी तर कधी त्याचे प्राण अवलंबून असतात.

निष्काळजी माणसाला धोका दिसत नाही. तो दिसायला हवा होता, हा त्याचा दोष. बेपर्वा माणसाला धोका दिसतो, पण त्याची परवा वाटत नाही. बेदरकार हा त्याही पुढचा. फारसीत दरकार म्हणजे गरज. ज्याला कोणाची गरज वा भीड उरलेली नाही, तो बेदरकार. म्हणजे बेदरकारपणा हा स्वभावदोषापेक्षा सत्तेचा गुणधर्म अधिक आहे. उद्या ज्याला खावटीसाठी सावकाराच्या दारात उभे राहायचे आहे, त्याला तो परवडत नाही.

साहस या शब्दाचा इतिहास तर याहून बोधप्रद आहे. आज तो सद्गुण मानला जातो; पण धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीने केलेला गुन्हा. मनुस्मृतीतील व्यवहाराच्या अठरा पदांपैकी ते एक पद आहे. एकाच शब्दाच्या पोटात गुन्हा आणि शौर्य दोन्ही सामावले आहेत. तेव्हा प्रश्न असा की, एखादी कृती यांपैकी काय आहे हे ठरवायचे कोणी आणि कोणत्या कसोटीवर?

ही कसोटी शोधण्यास या परिसराइतके योग्य स्थळ नाही. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या हाकेला ओ देऊन सुमारे पाच हजार वारली जमले. वेठबिगार करायची नाही आणि रोख बारा आणे रोजाशिवाय जमीनदाराच्या खासगी शेतावर राबायचे नाही, असा निर्धार त्यांनी केला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनीही सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबावे, हीच तेथील रीत होती. अशा माणसांचा नकार जमीनदारांना आततायी वाटला. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरीची मागणी पुढे आली. गवताला मोल असते ते हंगामात. कापणी थांबली तर मालकाला वाटाघाटीस बसावे लागते, हे अर्थशास्त्र त्या निरक्षर मजुराला नेमके कळले होते. याला अविचार कसे म्हणावे? १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे, सभेची खोटी आवई ऐकून जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. त्या दिवशी बेदरकार कोण होते, हे सांगण्यास कोशाची गरज नाही.

कसोटी आपल्या भाषेतच आहे. मराठीत 'जिवावर उदार होणे' असा वाक्प्रचार आहे. स्वतःच्या जिवावर उदार होणारा साहसी. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणारा बेदरकार. धोका किती मोठा, हा प्रश्न दुय्यम. धोका कोणाचा आणि लाभ कोणाचा, हा खरा प्रश्न. लाभ एकाच्या खतावणीत आणि धोका दुसऱ्याच्या झोपडीत, ही व्यवस्था म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र होय.

कायद्याने मात्र हा भेद पुसट ठेवला. भारतीय दंड संहितेत १८७० साली घातलेल्या ३०४-अ या कलमाने बेदरकार कृती आणि हयगय यांना एकाच तागडीत तोलले. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये हजारो माणसे विषारी वायूने मेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांवरील आरोप याच कलमापर्यंत खाली आणला आणि जून २०१० मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही मर्यादा पाच वर्षांवर गेली. तागडी तीच राहिली.

आज हाच प्रश्न घोलवडच्या दारात उभा आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून स्थापन झालेल्या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको, यावर मतभेद असू शकतात. परंतु ज्या मच्छीमारांचा समुद्र आणि ज्या बागायतदार व वारली मजुरांची चिकूवाडी पणाला लागते, त्यांचा शब्द निर्णयात किती वजनाचा होता, हे विचारणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे.

शेवटी ही कसोटी कार्यकर्त्यांनी स्वतःलाही लावली पाहिजे. संपाची घोषणा मंचावरून होते, चूल विझते ती मजुराची. ज्यांची चूल विझणार त्यांना न विचारता दिलेली हाक कितीही क्रांतिकारक वाटली तरी ती बेपर्वाईच ठरते. झरीचे मोल एवढ्यासाठीच आहे की, तेथे उपाशी राहण्याचा निर्णय उपाशी राहणाऱ्यांनी घेतला होता.