सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांचे मंडळ

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, सिंगपेरुमाळ कोविलहून श्रीपेरुंबुदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरगडम हे गाव आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत येथे मोटारी, मालमोटारी आणि मोटारसायकली बनविणारे मोठे कारखाने उभे राहिले व त्यांच्याभोवती सुटे भाग पुरविणारे उद्योगही वसले. अशा वसाहतीत एखादा आस मोडला, की पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : तो वारंवारच्या ताणाने हळूहळू चिरत गेला, की एकाच अतिभाराने तुटला? दोष घडणीचा की वापराचा, हे पुष्कळदा या उत्तरावर ठरते. उत्तर तुटलेल्या पृष्ठभागावरच उमटलेले असते. पहिल्या प्रकारात स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा बारीक समांतर रेघा आढळतात. दुसऱ्या प्रकारात, धातू चिवट असल्यास, लहान लहान वाट्यांसारखे खळगे दिसतात.

तथापि, ते दोन तुकडे कोणी कुतूहलाने एकमेकांवर बसवून पाहिले असतील, तर घर्षणाने या खुणा पुसल्या जाण्याचा संभव असतो. मग यंत्र कितीही मौल्यवान असो, ते काही सांगू शकत नाही. ही साधी दक्षता यंत्राबरोबर विकत मिळत नाही. ज्याने असा नमुना गमावला आहे, त्याच्याकडूनच ती शिकावी लागते. सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांच्या मंडळाची गरज येथूनच सुरू होते.

ही गरज नवी नव्हे. ३ सप्टेंबर १८३९ रोजी लंडनमध्ये एडविन क्वेकेट यांच्या घरी १७ जण एकत्र आले आणि तेथील सूक्ष्मदर्शक संस्थेचा पाया घातला गेला. तिने काचपट्टीचे माप ३ इंच लांब व १ इंच रुंद असे ठरविले. पुढे वस्तुभिंगाच्या आट्यांचेही एक प्रमाण तिने घालून दिले. त्यामुळे एका कारागिराचे भिंग दुसऱ्याच्या यंत्रावर बसू लागले. जवळजवळ त्याच मापाची काचपट्टी आजही शाळांच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. १८६५ साली हौशी निरीक्षकांसाठी क्वेकेट क्लब निघाला. विद्वानांच्या सभेत ज्यांना विचारण्यास संकोच वाटे, त्यांना तेथे विचारता येऊ लागले.

भारतात १९७० च्या दशकात मद्रास आणि मुंबई येथील आय. आय. टी. संस्थांत सामाईक उपकरण केंद्रे स्थापन झाली. महागडी उपकरणे बाहेरच्या संशोधकांना व उद्योगांनाही वापरता यावीत, हा त्यांचा हेतू होता. यंत्र सामाईक झाले. अनुभव सामाईक करणे हे मात्र मंडळाचेच काम होय.

एवढ्यावरून असे मात्र समजू नये, की अनेकांनी मिळून पाहिले म्हणजे सत्य हाती आले. १९५० च्या दशकापासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंच्या पेशीपटलाच्या आत वळलेल्या घड्या दिसू लागल्या. त्यांना ‘मेसोसोम’ हे नाव मिळाले. पेशीविभाजनात व श्वसनात त्यांचा वाटा असावा, असे मानले गेले आणि पाठ्यपुस्तकांत त्यांची चित्रे आली. एका नव्हे, अनेक प्रयोगशाळांनी त्या पाहिल्या होत्या. परंतु त्या सर्वांनी नमुने रसायनांनीच स्थिर केलेले होते. पुढे जिवाणू अतिशय वेगाने गोठवून पाहण्यात आले, तेव्हा त्या घड्या आढळल्या नाहीत. नमुना तयार करण्याच्या कृतीनेच तो आभास निर्माण केला होता, हे १९८० च्या दशकात बहुतेकांनी मान्य केले.

मंडळ चालविणाऱ्यांनी यापासून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. एकाच रीतीने काम करणारे लोक एकत्र आले, तर ते एकमेकांच्या चुकीला दुजोराच देतील. म्हणून धातू पाहणारा, पेशी पाहणारा आणि प्लास्टिक पाहणारा यांना एका टेबलाशी बसवावे. वर्षातून एकदा एकच नमुना कापून त्याचे तुकडे निरनिराळ्या प्रयोगशाळांना द्यावेत आणि आलेली मापे शेजारी शेजारी मांडावीत. प्रत्येक सभेचा आरंभ सुंदर छायाचित्राने न करता फसलेल्या छायाचित्राने करावा : विद्युत्भार साचून पांढरे पडलेले, शलाकेने नमुना जळालेले, सोन्याचा मुलामा जाड झाल्याने बारकावे बुजलेले. यंत्रावर प्रत्यक्ष हात असलेल्या तंत्रज्ञाला प्राध्यापकाइतकेच मानाचे स्थान असावे, कारण अशी छायाचित्रे त्यानेच सर्वांत अधिक पाहिलेली असतात. यंत्रविक्रेत्यांना सभेस अवश्य बोलवावे. परंतु सभेचे प्रदर्शन होऊ देऊ नये.

ओरगडमसारख्या वसाहतीत एक अडचण विशेष भासेल. आपला तुटलेला भाग प्रतिस्पर्ध्यासमोर कोण ठेवील? ही भीती अनाठायी नाही, आणि उपदेशाने ती जाणार नाही. यावर उपाय एवढाच, की कारखान्याचे नाव, भागाचा क्रमांक आणि ग्राहक हे सर्व वगळावे. पृष्ठभागाचे छायाचित्र, नमुना कसा घेतला व कसा स्वच्छ केला, एवढेच मांडावे. शिकण्यास तितके पुरेसे असते. मोठ्या कारखान्याची स्वतःची प्रयोगशाळा असू शकते; लहान पुरवठादाराला मात्र एका नमुन्यावरच आपली बाजू मांडावी लागते. तो नमुना हाती घेण्यापूर्वीच, तो कसा धरावा हे त्याला कोणीतरी सांगितलेले असावे. मंडळाने निदान एवढे साधले, तरी त्याचे अस्तित्व सार्थ ठरेल.